क्वेबेकचा झेंडा घरी शिवायचा तर फुलं सरळ उभी ठेवा

क्वेबेक म्हणजे कॅनडातला फ्रेंच बोलणारा प्रांत, आणि त्याचा झेंडा म्हणजे निळ्यावर पांढरा क्रॉस, चारही निळ्या चौकोनांत एकेक पांढरं फूल. माझा पहिला झेंडा चुकला होता. शिवण पक्की, रंग बरोबर, टीप एका रेषेत, आणि तरी चुकला. चारही फुलं मी तिरकी लावली होती. रांगोळीच्या कोपऱ्यातल्या पाकळ्या कशा आत वळवतो, तशी मधल्या क्रॉसकडे तोंड करून. माँट्रियलला येऊन बारा वर्षं झाली, हा झेंडा रोज कुठे ना कुठे दिसतो, पण रोज दिसणारी गोष्ट नीट कोण बघतं? नातीच्या शाळेला हवा होता म्हणून शिवायला घेतला. नमुना म्हणून मी समोर ठेवलं ते एक जुनं चित्र, चर्चच्या तळघरात भरणाऱ्या जुन्या बाजारात शिलाई मशीन बघायला गेले तेव्हा भिंतीवर दिसलेलं.

झेंडा बाल्कनीत टांगला तशा समोरच्या मादाम खाली उतरून आल्या. वय ऐंशीच्या पुढे. कापडाला हात लावून बघितला, शिवण उलटून बघितली (म्हटलं, ही बाई शिवणारी आहे) आणि हसायलाच लागल्या. नात मध्ये उभी राहून मराठी करत होती. "त्या म्हणतायत, हा त्यांच्या आजीचा झेंडा आहे. आत्ताचा नाही."

म्हणून आधी कृती सांगते. फुलं उभी का आणि तिरकी का, ते फुलांपाशी पोचलो की सांगेन.

कापड

मी इचलकरंजीची. घरामागे माग खडखडत असायचे, त्यामुळे दुकानात गेले की आधी कापड चुरगाळून बघते, मग भाव विचारते. या कामाला सुती कापड घेऊ नका. मीही पहिल्यांदा सुतीच घेतलं होतं. ते दिसतं छान, पण पावसात भिजून जड होतं, काठीला चिकटून बसतं आणि दोन महिन्यांत विटतं. झेंड्यासाठी नायलॉन मागा, २०० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप). हलकं असतं, थोड्या वाऱ्यावर उठतं, लगेच वाळतं. दोराही पॉलिएस्टरचाच. सुती दोरा उन्हाने कुजतो, मग कापड शाबूत आणि शिवण उसवलेली अशी गत होते.

निळ्याच्या बाबतीत दुकानदाराचं ऐकू नका. तो नेव्ही ब्लू पुढे करेल, तो काळपट दिसतो. आकाशीही नको. छपाईवाल्यांच्या भाषेत हा रंग पँटोन २९३, आपल्या भाषेत चांगला ठसठशीत रॉयल ब्लू. आकाशीकडे झुकलात की तुम्हीही मादामच्या आजीच्या काळात जाल.

६० बाय ९० सेंटिमीटरचा झेंडा बाल्कनीला पुरतो. उंची दोन तर लांबी तीन, हे या झेंड्याचं माप. बाजारात दुप्पट लांबीचेही मिळतात, कॅनडाच्या झेंड्याशेजारी जोडीने लावता यावेत म्हणून. घरी शिवताय तर खऱ्या मापाचा शिवा.

निळं एक मीटर, पांढरं एक मीटर, पन्हा दीडशेचा असेल तर भरपूर. अर्ध्या-पाऊण मीटरमध्ये बसवता येईल, पण मग तुकडे आडवे कापावे लागतात. ताणा, म्हणजे कापडाचा उभा धागा, झेंड्याच्या लांबीत गेला पाहिजे, कारण वारा त्याच दिशेने ओढतो. बाण्याचा, म्हणजे आडवा धागा ओढीला कमी टिकतो आणि झेंडा महिनाभरात पोटात सैल पडतो. काठीच्या बाजूसाठी वीतभर जाड पांढरं कॅनव्हास वेगळं घ्या.

कापणी

क्रॉसचा पट्टा मी उंचीच्या पाचव्या भागाएवढा धरते, म्हणजे १२ सेंटिमीटर. मग प्रत्येक निळा चौकोन तयार झाल्यावर २४ बाय ३९ चा उरतो. शिवणीचं मार्जिन धरून कापायची मापं अशी: काठीकडचे दोन निळे तुकडे २७.५ बाय ४२.५, फडकत्या बाजूचे दोन निळे २७.५ बाय ४४.५. पांढरे दोन आखूड तुकडे, १५ रुंद, २७.५ उंच. आणि पांढरा एक लांब पट्टा, १५ बाय ९६. फडकत्या बाजूला दोन सेंटिमीटर जास्त आहेत ते विसरून नव्हे. ती बाजू आधी फाटते, म्हणून तिची दुमड जाड ठेवायची.

कापून झालं की लगेच, अगदी लगेच, चारही निळ्या तुकड्यांवर खडूने वरच्या दिशेला बाण काढा आणि कोपऱ्यात लिहा: काठी वर, काठी खाली, बाहेर वर, बाहेर खाली. नायलॉनला उलट-सुलट कळत नाही आणि चारही तुकडे सख्ख्या भावंडांसारखे दिसतात.

कडा उसवतात. गरम चाकू असेल तर उत्तम. माझ्याकडे नाही, मी पेटती उदबत्ती कडेवरून फिरवते. पांढऱ्यावर मात्र डाग पडतो, म्हणून दुमडीत जाणारीच कड जाळायची. आणि खिडकी उघडी ठेवा, वास वाईट असतो.

फूल

यात खरं कौशल्य आहे. फुलाला फ्रेंचमध्ये फ्लर-द-लिस म्हणतात, शब्दशः लिलीचं फूल. १५ सेंटिमीटर रुंद आणि साडेसतरा उंच कागद मधोमध घडी घाला आणि अर्धंच चित्र काढा. मधली पाकळी पिंपळपानासारखी, टोकदार. बाजूची पाकळी म्हणजे बाहेर वळलेली कोयरी. पैठणीच्या पदरावर जी बघतो तीच, फक्त सडपातळ. तिघींना बांधणारा आडवा कमरपट्टा, आणि त्याखाली देठाची तीन लहान टोकं. घडीवर कापलं की दोन्ही बाजू आपोआप सारख्या येतात. मधल्या पाकळीची आणि कोयरीची फट अरुंद करू नका. शिवताना ती आणखी बुजते आणि लांबून फूल मुळ्यासारखं दिसतं.

डावं-उजवं सारखं असल्यामुळे एक मोठी सोय होते: झेंड्याच्या पाठीमागूनही फूल तसंच दिसतं. म्हणून एकच फूल दोन्ही बाजूंनी दाखवायचं. पांढऱ्या नायलॉनचा २० बाय २२ चा तुकडा निळ्या चौकोनावर मधोमध ठेवा, कागदी फूल ठेवून पेन्सिलने कड आखा. टाचण्या लावू नका, भोकं राहतात. शाळेतला गोंदाचा कांडीवाला ट्यूब चालतो, धुतलं की जातो. आखलेल्या रेषेवर साधी टीप मारा, रेषेच्या बाहेरचं पांढरं अगदी लगत कापा, मग त्या कडेवरून तीन मिलिमीटर रुंदीची दाट झिगझॅग फिरवा. सुई ११ नंबरची, नवी कोरी. वळणावर सुई कापडात खोचलेली ठेवून मशीनचा पाय उचलायचा आणि कापड फिरवायचं. घाईने कापड ओढलंत तर कोयरीला कोपरे येतात.

शेवटी तुकडा पालथा करा आणि फुलाच्या मागचं निळं आतून कापून काढा, शिवणीपासून तीन-चार मिलिमीटर सोडून. कात्री बोथट टोकाची घ्या. मी एकदा पांढऱ्यालाच भोक पाडलं होतं. ते फूल नंतर नातीच्या वहीवर गेलं.

आता दिशा. बाणाकडे बघा. चारही फुलं बाणाच्या दिशेने, ताठ उभी. मध्याकडे वळलेली नाहीत, खालची दोन उलटी नाहीत.

तिरकी फुलं कुठून आली

मादामनी त्या दिवशी मला घरात नेलं आणि चहाऐवजी पातळ कॉफी देऊन सगळं सांगितलं. पुढचं मी वाचत गेले.

तेव्हा क्वेबेक फ्रेंचांच्या ताब्यात होतं. १७५८ च्या ८ जुलैला कारियों नावाच्या किल्ल्यापाशी फ्रेंच आणि इंग्रजांची लढाई झाली. तो भाग आता अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात आहे, किल्ल्याला टिकॉन्डरोगा म्हणतात. फ्रेंच सेनापती मोंकाल्म याच्याकडे सुमारे ३,६०० माणसं, समोर इंग्रजांची चौपट फौज. फ्रेंच जिंकले. पुढच्याच वर्षी क्वेबेक शहराबाहेरच्या लढाईत ते हरले, मोंकाल्म जखमी होऊन गेला आणि मुलूख इंग्रजांच्या हाती जायला लागला. हरलेल्या माणसांना शेवटचा मोठा विजय फार जपून ठेवावासा वाटतो, हे आपल्याला कोणी वेगळं समजावून सांगायला नको. त्या कारियोंच्या लढाईत म्हणे एक निशाण होतं. ते विस्मरणात गेलं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पुन्हा सापडलं आणि १८४८ मध्ये क्वेबेक शहरात सेंट जॉनच्या सणाच्या मिरवणुकीत फिरलं. जाणकारांनी नंतर तपासलं तर ते लढाईचं निशाण नसून देवळातल्या पालखीपुढे धरतात तसलं धार्मिक मिरवणुकीचं कापड निघालं. त्याच्या कोपऱ्यांत फुलं होती, मध्याकडे टोक केलेली.

१९०२ मध्ये सँ-झ्यूद या खेड्यातल्या एल्फेज फिलियात्रो नावाच्या पाद्रीने त्यावरून झेंडा केला: निळं कापड, पांढरा क्रॉस, चार कोपऱ्यांत चार तिरकी पांढरी फुलं. २६ सप्टेंबरला तो त्याच्या राहत्या घरावर चढला. तोवर इथले फ्रेंच लोक सणावाराला फ्रान्सचा तिरंगा लावायचे. पण तो पडला राज्यक्रांतीचा, राजा आणि चर्च दोघांना झुगारणाऱ्यांचा. खेड्यातल्या पाद्रीला तो कसा पचावा? लोकांनी नवा झेंडा उचलला, आणि लवकरच मधोमध येशूचं लाल हृदय आणि भोवती मेपलच्या पानांची माळही आली. मादामच्या आजीच्या घरी होता तो हा, हृदयवाला.

सरकारी इमारतीवर मात्र युनियन जॅकच होता. रने शालू नावाचा अपक्ष आमदार प्रांताला स्वतःचा झेंडा हवा म्हणून सभागृहात मागे लागला होता. २१ जानेवारी १९४८ ला त्याचा ठराव चर्चेला यायचा होता. पंतप्रधान मोरिस द्युप्लेसी (इथे प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधानच म्हणतात) महाबेरकी. त्याने सकाळी मंत्रिमंडळात हुकूम काढला आणि दुपारी ३ वाजता विधानभवनाच्या मनोऱ्यावर नवा झेंडा चढवला. ठराव मांडणाऱ्याला मांडायला काही उरलंच नाही.

हृदय काढलं, पान काढलं आणि फुलं सरळ उभी केली. झेंड्या-ढालींच्या शास्त्रात तिरकं फूल बसत नाही, असं जाणकारांचं म्हणणं पडलं. गंमत पुढे आहे. हुकूम निघाला तेव्हा उभ्या फुलांचा झेंडा शिवून तयारच नव्हता. म्हणून त्या दिवशी मनोऱ्यावर चढला तो तिरक्या फुलांचाच. सरळ फुलांचा फडकला २ फेब्रुवारीला. म्हणजे पहिल्या दिवशी सरकारचीही फुलं माझ्यासारखीच तिरकी होती. हे वाचलं तेव्हा मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

त्या बारा दिवसांत कुठेतरी कोणीतरी बाई मशीनवर बसून बाण काढत असेल, असं मला उगीच वाटत राहतं.

बाकीच्या खुणा सोप्या आहेत. निळं-पांढरं आणि फूल हे फ्रान्सच्या राजाचं. झाक कार्तिएने १५३४ च्या २४ जुलैला गास्पेच्या किनाऱ्यावर लाकडी क्रॉस उभा केला, त्यावरही तीन फुलांची ढाल होती. निळ्यावर पांढरा क्रॉस फ्रेंच व्यापारी जहाजं लावायची. क्रॉस अर्थातच धर्माचा. इथल्या विधानसभेत १९३६ पासून भिंतीवर क्रूस टांगलेला होता, सरकारी जागी धार्मिक खुणा नकोत म्हणून तो २०१९ मध्ये काढला. झेंड्यावरचा कोणी काढला नाही. मादामना विचारलं तर त्या खांदे उडवतात. त्या स्वतः चर्चला कधीच्या जात नाहीत.

आणि फूल लिलीचं की आयरिसचं, यावर इथे अजून वाद चालतो. १९६३ मध्ये पांढरी लिली प्रांताचं फूल ठरली, पण ती मुळातली इथली नाहीच. १९९९ मध्ये तिच्या जागी इथलं निळं आयरिस आलं. जूनमध्ये ओलसर जागी उगवलेलं दिसतं. ते हातात धरून झेंड्याकडे बघा. तीन पाकळ्या वर, तीन बाहेर वळलेल्या. माझं मत आयरिसला.

जोडणी

फुलं झाली की अर्धं काम संपलं. वरची रांग जोडा: काठीकडचा निळा, आखूड पांढरा, बाहेरचा निळा. तशीच खालची. मग दोन्हींच्या मध्ये लांब पांढरा पट्टा. मार्जिन सगळीकडे दीड सेंटिमीटर. शिवण शर्टाच्या बगलेखाली असते तशी, दोन टिपांची चपटी, म्हणजे एक बाजू कापून लहान करायची, दुसरी तिच्यावर दुमडून टीप मारायची. दुमड नेहमी निळ्याकडे वळवा. पांढऱ्याकडे वळवलीत तर उन्हात आतलं निळं पांढऱ्यातून दिसतं आणि क्रॉसला मळकी किनार आल्यासारखी वाटते. हे मी दुसऱ्या झेंड्यावर शिकले.

वरचा आखूड पांढरा आणि खालचा आखूड पांढरा एका रेषेत यायला हवेत. लांब पट्ट्याला एका बाजूने शिवून झालं की दोरा ताणून धरा, वरच्या पांढऱ्याच्या दोन्ही कडा खडूने पट्ट्याच्या खालच्या काठावर उतरवा, मग खालची रांग त्या खुणांना लावा. दोन मिलिमीटरचा फरक शिवताना दिसत नाही. खालून बघणाऱ्याला दिसतो.

वर आणि खाली एक-एक सेंटिमीटर दोनदा दुमडा. फडकत्या बाजूला दोन-दोन सेंटिमीटर दोनदा, आणि तिथे चार ओळी टिपा मारा. कोपऱ्यात तिरकी टीप आणखी एक.

काठीच्या बाजूला कॅनव्हासची १० सेंटिमीटर रुंद, ६४ लांब पट्टी उभी घडी घालून बसवा, वरखाली टोकं आत मोडून. झेंड्याचे दोन सेंटिमीटर तिच्या पोटात जातात. ती मापात धरत नाहीत. वरचं टोक शिवून बंद करा, खालचं उघडं ठेवा, झाला नेफा. अंगठ्याएवढी जाड काठी आत जाते. दोरीवर चढवायचा असेल तर नेफ्याऐवजी पितळी आयलेट (दोरी ओवायच्या भोकाची कडी) ठोका, वर एक, खाली एक.

आमच्या मंडळाच्या ढोलपथकासाठी भगवाही मीच शिवते. तो एका दुपारी होतो. एक कापड, दोन शेपटं, कडेची दुमड, झालं. त्याला ना वरचं-खालचं फूल आहे, ना मापाची भानगड. या झेंड्याला पहिल्यांदा तीन दिवस धरा, सरावाने दीड.

लावताना

२१ जानेवारी हा झेंड्याचा दिवस, पण उणे वीसमध्ये बाल्कनीत हात बाहेर काढवत नाही. माझा झेंडा चढतो तो २४ जूनला. जुना सेंट जॉनचा सण, १९७७ पासून प्रांताचा सरकारी सण. रस्ते बंद करून टेबलं मांडतात, ज्याच्या त्याच्या खिडकीत निळं-पांढरं. प्रांताच्या सरकारी इमारतींवर कायद्याने मानाची जागा याच झेंड्याला, बाकीचे सगळे नंतर. घरच्या बाल्कनीला असला नियम लागू नाही. मी शेजारी मेपलच्या पानाचा, म्हणजे कॅनडाचा झेंडाही लावते. क्वेबेक कॅनडातून वेगळं व्हावं असं वाटणारेही इथे आहेत. त्यावर आमच्या इमारतीत दोन घरं माझ्याशी महिनाभर जरा तुटक बोलत होती. नंतर पुरणपोळीने निभावलं.

खिडकीत जागा नाही म्हणून काही जण झेंडा उभा सोडतात. मग फुलं आडवी पडतात. मला ते बघवत नाही. त्यापेक्षा लहान शिवा. आणि चढवताना एकदा खाली उतरून लांबून बघाच. क्रॉस उलटा-सुलटा सारखाच दिसतो, त्यामुळे झेंडा डोक्यावर उभा आहे हे फक्त फुलांवरून कळतं.

तिरक्या फुलांचा पहिला झेंडा मादामनी मागून घेतला. मध्ये लाल हृदय हवं म्हणाल्या. लाल नायलॉन नव्हतं, म्हणून पेटीतल्या एका खणाच्या उरलेल्या तुकड्याचं केलं, कडेला हाताने काजटाका घालून. त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी आहे तो आता.

धुताना गार पाणी, साबण थोडा, पिळायचा नाही. इस्त्री लावू नका, नायलॉन वितळतं. फडकती कड झिजायला लागली की वाट न बघता एक-दोन सेंटिमीटर कापून पुन्हा चार टिपा मारा. तीन वेळा असं करता येतं. चौथ्या वेळी बाहेरचा निळा चौकोन डोळ्यांना आखूड दिसायला लागतो आणि फूल मधोमध राहत नाही. मग फुलं तेवढी उसवून ठेवा, ती चांगली असतात, आणि निळं नवं आणा.